बाराच्या बारा जोड ओळंब्यात

लालबाग, मुंबई १२
रविवार, ता. ११ डिसेंबर १९८३

तीर्थस्वरूप महादेवदादा यांस,

सीतारामचा साष्टांग नमस्कार. (जावयाने मेहुण्याला साष्टांग घालायची आपल्यात रीत नाही, हे मला ठाऊक आहे. पण पत्रात पुढे एकदोन ठिकाणी तुम्हाला राग येण्याजोगा मजकूर आहे, तेव्हा नमस्कार आधीच घालून ठेवलेला बरा.)

तुमचा गुडघा कसा आहे? कुशाबा परवा गावाहून आला. तो सांगत होता की शाळेच्या पायऱ्या चढताना तुम्ही मधल्या पायरीवर थांबून मुलांना पाढे म्हणायला लावता, म्हणजे गुडघा ठणकतोय हे कुणाला कळत नाही. तेराचा पाढा संपेपर्यंत उभे राहता म्हणे. निर्गुडीच्या पाल्याचा शेक सोडू नका. आईंना नमस्कार. आमच्या शांतीचं गणित तुम्ही घेता आहात, तेव्हा त्याची काळजी नाही. जगनचा पडका दात कौलावर टाकला की नाही ते कळवा. आम्ही इथे सगळे मजेत आहोत. सगळे म्हणजे मीच.

कुशाबाबरोबर गुणवंतीने कुळथाचं पीठ आणि एक निरोप पाठवला होता. पीठ पोचलं. निरोप असा, की 'एका जागी पाय ठरले की कळवा, मग पोरांना घेऊन येते.' गेल्या वर्षी गणपतीला म्हणून पंधरा दिवसांसाठी गेलेली बाई सव्वा वर्ष माहेरी आहे. तिला असं म्हणायचा हक्क आहे. मला राग आलेला नाही. (दोन दिवस आला होता.) तर दादा, हे पत्र म्हणजे त्या निरोपाचं उत्तर. माझे पाय ठरले. कसे ठरले ते सविस्तर लिहितो, म्हणजे तिची खात्री पटेल. जरा लांबण लागेल, कारण मध्ये बर्फ आहे.

संपाला येत्या जानेवारीत दोन वर्षं होतील. तो अजून कुणी मागे घेतलेला नाही आणि आमची गिरणीही कुणी उघडलेली नाही, दोन्हीकडे मान राखून चाललंय. साचेखात्यात मी वीस वर्षं जॉबर होतो, साचे दुरुस्त करून चालू ठेवणारा. साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र, हे तुम्हाला सांगायला नको, पण जगन विसरला असेल. एका साच्याचा आडवं सूत नेणारा धोटा अडकला की तिकडे धावा, दुसऱ्याचा पट्टा तुटला की इकडे, असं आठ तास नुसतं चालणं. गिरणी बंद पडली तेव्हा हाताला काम राहिलं नाही हे हातांना लगेच कळलं. पायांना कुणी सांगितलंच नाही. ते चालूच राहिले. सकाळी चहा पितो तो दारात उभ्याने. न्हाव्याकडे अर्धी दाढी झाल्यावर उठून रस्त्यावर आलो, तसाच भायखळ्यापर्यंत गेलो, आणि लोक का बघतायत म्हणून मी लोकांकडे बघत राहिलो. गुणवंती इथे होती तेव्हा म्हणायची, तुम्ही घरात असलात की घर रस्त्यावर असल्यासारखं वाटतं. तेव्हा मी हसलो होतो.

कामं धरली नाहीत असं नाही. भायखळ्याच्या बाजारात दुधीभोपळे घेऊन बसलो. पण त्या धंद्यात बसणं हेच मुख्य काम असतं. मी भोपळे सोडून बाजाराला फेऱ्या घालायचो आणि माझं गिऱ्हाईक शेजारणीचे भोपळे घेऊन जायचं. मग रे रोडला लाकडाच्या वखारीत वॉचमन झालो. वखारीभोवती इतक्या फेऱ्या मारल्या की तिसऱ्या दिवशी शेजारच्या वखारीच्या वॉचमनने मला चोर म्हणून धरलं. अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत पंखे दुरुस्त करायला जाऊ लागलो, ते मात्र छान जमलं होतं. पण एका बाईंचा पंखा झाल्यावर हात थांबेनात, म्हणून त्यांच्या स्वयंपाकघरातलं कपाट पाणसळ लावून पाहिलं. (पाणसळ म्हणजे ती पाण्याच्या बुडबुड्याची पट्टी. गिरणीतल्या दोनतीन वस्तू माझ्याकडे राहिल्या त्यातली ही एक, आणि दुसरा ओळंबा, दोरीला टांगलेलं वजन.) कपाट कललेलं निघालं. मी न विचारता त्याच्या पुढच्या पायाखालची पाचर काढली. पाणसळीप्रमाणे कपाट अगदी बरोबर झालं, पण त्याची दारं उघडली आणि लोणच्याच्या बरण्या खाली आल्या.

(इथे उठून नाक्यापर्यंत जाऊन आलो. कुठे होतो? हां, बरण्या.)

तर आमच्या चाळीतला भिवा, तोही गिरणीतलाच, आता दादरच्या एका स्टुडिओत दिवे उचलायला जातो. गेल्या रविवारी तो मला जिन्यात भेटला, म्हणजे मी जिना चढ-उतर करत होतो, आणि म्हणाला, "तुका पानो धरूक येता मां? मगे उद्या चल." पान्हा धरता येतो का, असं त्याने साचेखात्याच्या जॉबरला विचारलं! पण मी अपमान गिळला आणि गेलो.

स्टुडिओत सर्दीच्या मलमाची जाहिरात चालली होती. बर्फाच्या डोंगरावरून एक तरुण घसरत येतो, थांबतो, नाकाला मलम चोळतो आणि हसतो, एवढंच. डोंगर फळ्यांचा, दोन पुरुष उंच. बर्फ म्हणजे खाली जाडं मीठ आणि वर कापूस. कापूस मी सवयीने चिमटीत धरून ओढून पाहिला. आखूड धाग्याचा, हलका माल. ह्याचं सूत काढलं असतं तर हातभर कापडात दहा वेळा तुटलं असतं. हे मी डायरेक्टरसाहेबांना सांगितलंही. ते म्हणाले, आपल्याला विणायचं नाहीये. हिरोच्या पायांना माणसाहून लांब अशा दोन पट्ट्या अडकवायच्या होत्या, त्यांना स्की म्हणतात, आणि त्या अडकवायच्या तर त्यासाठी खास बूट लागतात. दादा, असे बूट तुम्ही जन्मात पाहिले नसतील. नडगीच्या मध्यापर्यंत येणारं कडक प्लास्टिक, वर चारचार बकलं, आत आणखी एक मऊ बूट, घोट्यापाशी स्क्रू, टाचेमागे स्क्रू. हे बूट गिरगावातल्या नौशीरसेठ नावाच्या एका म्हाताऱ्या पारशी गृहस्थांचे. ते दर हिवाळ्यात गुलमर्गला जातात आणि तिथे बर्फावर घसरायला येणाऱ्यांना बूट भाड्याने देतात. त्यातले बारा जोड मुंबईत होते, ते त्यांनी स्टुडिओला दिले होते, हिरोला होतील ते होतील. बूट पायाला नीट लावायला स्क्रू कळणारा माणूस हवा होता, म्हणून मी.

मी बारा जोड रांगेत मांडले आणि पहिल्याच नजरेत दोष पकडला. बाराच्या बारा जोड पुढे वाकलेले! तळ जमिनीवर सपाट, आणि वरचा नडगीचा भाग पुढे झुकलेला, शाळा तपासनीस आल्यावर हेडमास्तर झुकतात तसा. (तुम्ही नव्हे, दुसरे.) मला त्या पारशी माणसाची कीव आली. वापरून वापरून माल वाकला आणि मालकाला पत्ता नाही. साचेखात्याचा पहिला धडा असा, की साचा पाणसळीत हवा आणि उभा भाग ओळंब्यात हवा; तसूभर कलला तरी कापड वाकडं येतं. मी बाह्या सरसावल्या. टाचेमागचे स्क्रू सोडले, बोटांच्या बाजूने तळाखाली पाचरी मारल्या, आणि ओळंबा सोडून एकेक बूट खांबासारखा सरळ केला. बारा जोड म्हणजे चोवीस बूट. दुपार झाली. शेवटी सगळी बकलं आवळली, कारण दुसरा धडा असा, की जे सैल ते हलतं आणि जे हलतं ते तुटतं. मग भिवाकडून मागून बुटांना हळदकुंकू लावलं. (वहाणेला हळदकुंकू लावलं म्हणून भिवा खवळला. पण मला त्यात वहाण दिसतच नव्हती, नुसते स्क्रू दिसत होते. आणि दोन दसरे यंत्राची पूजा राहिली आहे, तुम्ही समजून घ्याल.)

हिरो चांगल्या घरचा, सहा फुटी, गोड स्वभावाचा माणूस. त्याने पायात दोन-दोन लोकरी मोजे चढवले, त्यावर बूट, त्यावर माझी बकलं. डोंगरावर उभा राहिला तेव्हा तो इतका सरळ होता की माझा ऊर भरून आला. भिवाने मागून हलकेच ढकललं. पट्ट्या पुढे निघाल्या, हिरो होता तिथेच राहिला, निदान कमरेच्या वरचा तरी. आणि मग तो मिठात बसला. असं सात वेळा झालं. दर वेळी मी त्याला आणखी सरळ उभं राहायला सांगायचो आणि बकल आणखी एक दात आवळायचो. सातव्या वेळी त्याच्या तोंडात मीठ गेलं, आणि बूट काढले तर पायाची बोटं जांभळी. डायरेक्टरसाहेब माझ्यावर ओरडले. मी त्यांना शांतपणे सांगितलं की बूट अगदी बरोबर आहेत, माल खराब आहे. माल म्हणजे हिरो.

त्यांनी नौशीरसेठना फोन केला. म्हातारा टॅक्सीने आला, माझी ती सरळ उभी रांग पाहिली आणि तिथेच मिठावर बसला. मला वाटलं, आनंदाने. मग म्हणाला, "अरे जॉबर, माणस हाय, लूम नाय! लूमला जमिनीमंदी बोल्ट मारते. हेला बोल्ट कुठे मारणार?" बूट वाकलेले नव्हते, दादा, ते मुळात तसेच बनवतात. साचा जागेवर उभा असतो, त्याला सरळपणा शोभतो. पण उतारावरून जाणारा माणूस सरळ उभा राहिला की जमीन त्याच्या पायाखालून पुढे निघून जाते. म्हणून नडगी बुटाच्या पुढच्या बाजूला टेकलेली हवी, गुडघे सैल हवेत, आणि वजन टाचेवर न ठेवता पावलाच्या मध्यावर. मोजा एकच, पातळ. टाच जागची हलता कामा नये, पण बोटं हलली पाहिजेत. घोट्याजवळचा स्क्रू ज्याचे गुडघे आत किंवा बाहेर झुकतात त्याच्यासाठी असतो. मी मान डोलावत होतो, पण डोकं मानायला तयार नव्हतं. एका दुपारीत माझे दोन्ही धडे खोटे ठरवणारा माणूस समोर बसला होता आणि तो रागावलेलाही नव्हता, हे जास्त लागलं.

मग त्याने एक जोड मलाच चढवायला लावला आणि भोवती फिरून मला पाहिलं. माझं सगळं वजन डाव्या टाचेवर असतं, हे मला त्या दिवशी कळलं. उजवा पाय कायम उचलायच्या बेतात. साच्यांच्या मधल्या गल्लीतून वळून वळून तो तसा झाला असणार. नौशीरसेठ म्हणाला, "तू उभा नाय जॉबर. तू निघालेला हाय." डायरेक्टर हसले, भिवा हसला. मी पण हसलो, पण दादा, मला ते बाण लागावा तसं लागलं, कारण दुसऱ्या शब्दांत हेच मला घरात कुणीतरी कधीचं सांगत होतं आणि मी ऐकलं नव्हतं.

(पुढचं खिडकीशी उभ्याने लिहितोय, अक्षर बिघडेल.)

त्या बुटांत उभा असताना मला एकदम तुमच्या खालच्या कुणग्याची, त्या भातशेताच्या तुकड्याची, आठवण झाली. लग्नानंतरच्या पहिल्या लावणीला मी गावी आलो होतो. चिखलणी झाल्यावर बैलांमागे फळी फिरवून चिखल सपाट करतात, फळीवर वजनाला माणूस उभा राहतो. मी मुंबईचा जावई, हौसेने उभा राहिलो, ताठ, आणि दहा पावलांत चिखलात उताणा. तुम्ही शाळेत होतात. गुणवंतीने इकडेतिकडे पाहिलं, पदर खोचला, मला बाजूला केलं आणि फळीवर चढली. गुडघे सैल, अंग पुढे, हातात कासरा; कुणगा सपाट करून आली आणि लुगड्याला काठापलीकडे चिखल नाही. मला म्हणाली, "जरा फुडे वाकान ऱ्हवा. बैल काय मागसून येतले?" (बाईमाणसाने फळीवर पाय ठेवू नये असा तुमच्या घरचा दंडक आहे, हे आत्ता लिहून झाल्यावर आठवलं. खोडून पाहिलं, पण शाई पसरून मजकूर उलट जास्तच उठून दिसायला लागला, म्हणून पुन्हा लिहिला. साष्टांग मुख्यतः ह्यासाठी होता. तेरा वर्षं झाली त्याला, आणि त्या साली भात चांगलं आलं होतं, हे लक्षात घ्यावं.)

मी पाणसळ आणि ओळंबा पिशवीत टाकले आणि चोवीसच्या चोवीस बूट पुन्हा पुढे वाकवले. हिरोचे गुडघे आत मिटत होते. आता मी आधी त्याचे पाय पाहिले आणि मग बूट, आणि हे सकाळीच करायला हवं होतं. घोट्याजवळचा स्क्रू दोन फेरे फिरवला. एका बुटात टाच किंचित उचलावी लागणार होती. माझ्या पिशवीत साच्यातला एक पिकर होता. धोट्याला टोला हाणणारा चामड्याचा ठोकळा असतो तो, म्हशीचं चामडं, टोले खाऊन खाऊन लाकडासारखं झालेलं. गिरणीच्या शेवटच्या पाळीला खिशात राहिला होता. तो कापून त्याची पाचर केली. कापताना वाईट वाटलं. पण बसली अशी की जणू त्यासाठीच जन्मली होती. मग हिरो डोंगरावर चढला, भिवाने ढकललं आणि मी खालून ओरडलो, "गुडघे सैल सोडा! बैल पुढे आहेत!" इंग्रजी शाळेतला माणूस, त्याला बैलांचं काय कळणार, पण त्याने मान खाली करून खरोखरच बैल शोधले, त्यात अंग आपोआप पुढे झुकलं, आणि तो सरळ खाली येऊन थांबला, मलम चोळलं आणि हसला. टाळ्या पडल्या. माझं ओरडणं फिल्ममध्ये येणार नाही, आवाज मागाहून भरतात म्हणे.

सगळे चहाला गेले तेव्हा मी तो माझ्या मापाचा जोड पुन्हा चढवला आणि कापसात उभा राहिलो. घोट्याचे स्क्रू मी माझ्या पायांना लावून घेतले होते. दोन्ही पायांवर सारखं वजन, नडगी टेकलेली. दादा, पाव तास मी तिथे उभा होतो आणि मला कुठेही जावंसं वाटलं नाही. दोन वर्षांत पहिला पाव तास. डोळे भरून आले ते मिठामुळे, असं मी भिवाला सांगितलं. तुम्हाला खरं सांगतो, मिठामुळे नाही. स्टुडिओच्या फोटोवाल्याने तेवढ्यात माझा फोटो काढला, तो सोबत पाठवत आहे. मी पुढे वाकलोय ते कुणाला तरी नमस्कार करतोय असं दिसतं. तुम्हालाच करतोय असं समजावं.

तेव्हा पाय ठरले, असं गुणवंतीला सांगावं. काम मानाचं आहे, कसबाचं आहे, हात काळे होत नाहीत. खोली झाडून ठेवली आहे, मोरीचा नळ दुरुस्त केला आहे. दत्तजयंती झाली की तिला आणि पोरांना मुंबईच्या गाडीत बसवून द्यावं, मी स्टँडवर उभा राहीन. आईंना पुन्हा नमस्कार, शांतीला आणि जगनला गोड पापा.

आपला,
सीताराम

ता. क. १ : पायऱ्या चढताना गुडघे जरा सैल सोडून पुढे वाकून पाहा. पाढे दोनच पुरतील.

ता. क. २ : वर 'काम' असं लिहिलं आहे ते थोडं पुढे वाकून लिहिलं आहे. शूटिंग तीनच दिवसांचं होतं. बुधवारी संपलं. बूट गिरगावला परत गेले.

ता. क. ३ : बूट पोचवायला मीच गेलो होतो. नौशीरसेठचे आणखी चाळीस जोड गुलमर्गला आहेत. तो सव्वीस तारखेला निघतोय, मला चल म्हणतो, शिमग्यापर्यंत. खाणं, राहणं, लोकरीचा कोट. पुढच्या सालीही बोलावीन म्हणाला. एवढ्या लांब, कुणी ओळखीचं नाही अशा जागी, बर्फात. मी म्हटलं, घरी विचारून सांगतो. मग लालबागपर्यंत चालत आलो, कडी काढली, आत गेलो, आणि तेव्हा लक्षात आलं.

ता. क. ४ : मला जायचंय की नाही, हे मला खरंच कळत नाही. पाय तयार आहेत, पण त्यांचं काय, ते कशालाही तयार असतात. म्हणून गुणवंतीला तेवढं विचारा. आईंसमोर नको, चुलीपाशी एकटी असेल तेव्हा. वरचं बर्फाचं वगैरे नाही सांगितलंत तरी चालेल. ती 'जावा' म्हणाली तर जातो आणि तिकडून पत्र टाकतो. 'जाव नकात' म्हणाली तर म्हाताऱ्याला नाही म्हणून सांगतो आणि तिला न्यायला मीच येतो. पुढे काय करायचं ते दोघं मिळून बघू. पत्राला उशीर होईल, तार करावी. दादा, सव्वा वर्ष झालं, मला कुणी 'जाव नकात' म्हटलेलं नाही.